दगडात सोडलेलं

पिसेत, तो पुढचा दिवा बंद कर आधी. बॅटरी उतरली की टुकटुकला धक्का मारायला मलाच हाक मारशील. कॉफी आहे, अंधार आहे, उजाडायला अजून तासभर आहे. तुमचे पाहुणे तळ्याकाठी सूर्याची वाट बघत बसलेत, तोवर इकडे कुणी फिरकणार नाही. बसा सगळे.

काल तू त्या परदेशी बाईला काय सांगत होतास ते मी ऐकलं. "आईच्या देवळात एक खोली आहे, भिंतीला पाठ टेका, छातीवर सात वेळा मूठ मारा आणि सगळं दुःख दगडात सोडून या." असंच म्हणालास ना? दात काढू नकोस. मूठ मारायला खुशाल सांग. आवाज घुमतो, त्यांना नवल वाटतं, फोटो निघतात, तू जाणकार ठरतोस. पण ‘सोडून या’ असं म्हणू नकोस. का, ते सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलेली आहे आणि अर्ध्या गोष्टीला मी स्वतः दाराशी उभा होतो.

दोस्ताचं नाव सावेत. तुम्ही पोरांनी त्याला इथे पाहिलेलं नाही. तुमच्यासारखाच टुकटुकवाला, या चिंचेखालीच गाडी लावायचा. आज तुम्ही मला ‘ता’ म्हणता, आजोबा. तेव्हा मी सगळ्यांचा ‘बोंग’ होतो, मोठा भाऊ, आणि आईच्या देवळावर रात्रीचा राखणदार होतो. चोवीस वर्षं राखलं ते देऊळ. माणसं तिथे बडबडत आत जातात आणि बाहेर येताना एकमेकांशी बोलत नाहीत, हे चोवीस वर्षं बघितलंय. एकदा एक धिप्पाड गोरा माणूस झाडाच्या मुळाला कपाळ लावून ढसाढसा रडला. बायको विचारतेय काय झालं, तर त्यालाच माहीत नाही. राजाने आईच्या नावाने बांधलेलं देऊळ ते. तिथे गेलं की ज्याचं त्याचं काहीतरी वर येतं. आपल्याला वाटतं ते तिथेच राहतं, आपण हलके होऊन घरी जातो. राहतं खरं. पण एकटं राहत नाही.

अकरा वर्षं झाली. पितरांच्या पंधरवड्यातला तेरावा दिवस, दुपारचे तीन. लांब नदीकाठच्या क्राचेहून यात्रेची बस आली होती आणि माणसं आपल्या गावच्या विहारात उतरली होती. विहारात पूजापाठ सांगणाऱ्या आचारांनी सावेतला बोलावणं धाडलं. काम अगदी साधं. एका बाईचा पाय मुरगळला होता, बाकीचे तिला सोडून देवळं बघायला गेले होते. आचार म्हणाले, "हिला तेवढं आईचं देऊळ दाखवून आण. तेवढ्यासाठीच आलीय बिचारी."

बाईचं नाव कुंथिया. चाळिशी उलटलेली, नदीकाठी बांबूत भाजलेला भात विकणारी. मोठ्या बहिणीलाही आपल्यात बोंगच म्हणतात; ती सावेतपेक्षा मोठी, म्हणून तोही तिला बोंगच म्हणायचा. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसली होती. वाटेत खड्डा आला, पिशवी कलंडली आणि आतून एक चप्पल बाहेर पडली. लहान मुलीची, निळी, खालून तळव्याला चांदण्यांची नक्षी.

सावेतला कधी गप्प बसता यायचं नाही. त्याने विचारलं, "बोंग, एकच कशी?"

"दुसरी नदीने ठेवून घेतली."

मग वाटभर तिने सगळं सांगितलं. मुलगी मालिया, नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी नव्या चपला घेऊन दिल्या होत्या. पोर सारखी कुठेतरी विसरून यायची, म्हणून एके सकाळी ही रागाने ओरडली, "चप्पल हरवून आलीस तर घरात पाऊल टाकू नकोस." त्याच दिवशी घाटावर एक चप्पल पाण्यात गेली. पोर चपलेमागे गेली. दुसरी चप्पल पायरीवर नीट काढून ठेवलेली सापडली.

"दोन वर्षं झोपले नाही रे," कुंथिया म्हणाली. "डोळा लागला की वाटतं, दाराशी कुणीतरी उभं आहे. उठून दार उघडते. कुणी नसतं."

सावेतला रडणाऱ्या माणसासमोर काय करावं ते कळायचं नाही. तो आपला तिला देवळात घेऊन गेला, त्या खोलीत उभं केलं, पाठ भिंतीला लावून दिली आणि मनापासून म्हणाला, "बोंग, जे जड आहे ते सगळं इथेच सोडून जा."

तिने मूठ मारली. सात वेळा. तुम्हाला माहीतच आहे, त्या खोलीत टाळी वाजवा, ओरडा, काही होत नाही. छातीचाच आवाज तेवढा घुमतो. सावेत सांगायचा की सातव्या ठोक्याचा घुमारा थांबेचना. मग थांबला. बाई डोळे पुसत बाहेर आली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "मला भूक लागलीय."

बाजारात तिने शेवया आणि माशाचा रस्सा दोन वाट्या खाल्ला. पंच्यावर घासाघीस केली. सावेतच्या ढेरीवरून त्याची खेचली, "बायको खाऊ घालते की हवा भरते?" सावेत खूश. मला संध्याकाळी येऊन सांगून गेला, "बोंग रुएन, आज माझ्या हातून मोठं पुण्य घडलं."

आणि त्याच रात्री मला आवाज आला.

मी चौकीत होतो. एकच्या सुमाराला. देवळाच्या आतून ठोके. मला वाटलं, एखादा पाहुणा आत राहून गेला. बॅटरी घेऊन गेलो तर खोली रिकामी. चौकीत परत आलो, तर पुन्हा ठोके. मी काही फार मनावर घेतलं नाही. रात्री त्या झाडांमध्ये शंभर आवाज असतात.

तिकडे विहारात पहाटे चारला नेहमीप्रमाणे माणसं जमली. बाहेर भाताचे गोळे अंधारात ठेवायचे, आत आपापल्या मेलेल्यांची नावं लिहून द्यायची, ती आचार वाचणार. हे तुम्ही दरवर्षी करता. आपले मेलेले या दिवसांत सात विहारांपाशी जाऊन उभे राहतात, आपलं नाव कुणी घेतं का ते ऐकतात. नाव आलं तर घास मिळतो. नाही आलं तर उपाशी परत. कुंथियाची पाळी आली. सावेत मागेच बसला होता. तिने वडिलांचं नाव सांगितलं, आईचं, आजीचं, एका काकाचं.

आचारांनी विचारलं, "अजून कुणी?"

"नाही. झालं."

सावेत पुढे वाकून हळूच म्हणाला, "बोंग, मालिया राहिली."

"कोण मालिया?"

"...तुमची मुलगी."

ती हसली. थट्टेवारी नेल्यासारखी. "मला एक मुलगाच आहे रे, फ्नोम पेन्हला असतो. मुलगी कुठली? व्हावी असं फार वाटायचं, पण झाली नाही." आणि पिशवीत हात घालून तिने ती निळी चप्पल काढली. "हे बघ, ही तुझ्याच गाडीतली दिसते. कुणाचं तरी पोर विसरलंय. बिचारी एका पायाने फिरत असेल."

चप्पल तिने त्याच्या हातात ठेवली.

तिच्या शेजारी त्यांच्या गावची एक म्हातारी बसली होती. तिने सावेतला बाहेर ओढत नेलं. "मीही रात्रीच विचारलं तिला," म्हातारी म्हणाली. "तिला काही आठवत नाही. पण पोरा, काल ती झोपली. घोरत होती. दोन वर्षांत मी तिला असं बघितलेलं नाही. राहू दे आता. तुझ्या पाया पडते, राहू दे."

सकाळी सावेत इथे कॉफीला आला तेव्हा हे मला काहीच माहीत नव्हतं. मी आपला सहज म्हणालो, "काल रात्री देवळात कोण छाती ठोकत होतं कोण जाणे. पण आवाज बारीक होता. मोठ्या माणसाचा नव्हता."

त्याने पेला खाली ठेवला. मग त्याने खिशातून चप्पल काढून बाकावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

चौदावी रात्र. चंद्र नाही. चार दिवस पाऊस नव्हता, फरशी खडखडीत कोरडी होती, हे ध्यानात ठेवा. सव्वादोनला सावेत चौकीवर आला. रात्री कुणाला आत सोडायचं नाही असा नियम. माझी नोकरी गेली असती. पण त्याचा चेहरा बघून मी कुलूप काढलं.

आम्ही दोघं गेलो. बॅटरी एकच, माझ्या हातात. मुळांवरून, पडक्या दगडांवरून. तो एरवी इतका बोलायचा की गप्प बस म्हणावं लागे. त्या रात्री नुसती चप्पल मुठीत धरून माझ्यामागून येत होता.

खोलीच्या दाराशी थांबलो.

किडे गप्प झाले होते.

मग आला.

एक. दोन. तीन... बारीक. हाडं लहान असली की छातीचा आवाज जसा येईल तसा. चार. पाच... मी बॅटरी आत मारली. चारी भिंती दिसत होत्या. वर आभाळाचा तुकडा. खाली कोरडी फरशी. कुणी नाही. सहा.

सात.

मी म्हटलं, "चल. सावेत, चल इथून..."

तो हलला नाही. त्याने हाक मारली. "मालिया?"

काहीच नाही.

...आणि मग फरशीवर आवाज. ओल्या पायांचा. पुढे येत नव्हता, मागे जात नव्हता. एकाच जागी. हा पाय, मग तो पाय. पोर काहीतरी चूक करून आलेलं असलं की दाराबाहेर कसं उभं राहतं? आत ये म्हणायची वाट बघत... तसं. आणि वास आला. नदीच्या गाळाचा. तिथून नदी किती लांब आहे तुम्हाला माहीत आहे.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त रडू आलं. इतक्या अंधारात लेकरू उभं होतं आणि त्याला घरात घेणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. सावेत म्हणाला, "आज पंधरावा. शेवटचा दिवस. सहाला त्यांची बस सुटते. आज नाव घेतलं नाही तर ही अशीच राहणार."

मी त्याला बोललो. चांगलाच बोललो. "ती बाई झोपतेय. हसतेय. तू कोण तिची झोप मोडणारा? मेलेलं मेलं. जितं माणूस सावरलंय ते सावरू दे."

तो म्हणाला, "सोड म्हणून मीच सांगितलं ना, बोंग."

मी कुलूप उघडंच ठेवलं.

सव्वाचारला तो तिला घेऊन आला. बाई लंगडत, पण मजेत. हातात बांबूचा भात, एक कांडं माझ्या हातात कोंबलं. "तुम्ही दोघं दारू पिऊन आलात की काय? एवढ्या पहाटे देऊळ दाखवतात होय?" मी मान खाली घातली. तिच्याकडे बघवत नव्हतं. इतकं हसरं माणूस आणि आम्ही तिला कुठे नेत होतो.

खोलीत सावेतने तिला भिंतीशी उभं केलं. पाठ टेकवून दिली. चप्पल तिच्या हातात ठेवली.

"परत ही? अरे, कुणाची आहे ते शोध ना."

"बोंग, आज मूठ मारू नका. नुसतं ऐका."

ती हसत होती. हात खाली होते. मी शपथेवर सांगतो, दोन्ही हात खाली होते.

ठोका पडला.

तिचं हसू तिथेच थांबलं.

दुसरा.

तिसरा... तिने चपलेकडे बघितलं. चौथा. बोट चपलेच्या तळव्यावरून फिरवलं, त्या चांदण्यांवरून. पाचवा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सहावा...

सातवा पडला आणि ती भिंतीवरून घसरत खाली बसली.

मग ती बोलली. इतक्या हळू की मला पुढे सरकावं लागलं.

"मी तिला म्हटलं होतं... पाऊल टाकू नकोस म्हणून..."

सावेत तिच्यापाशी खाली बसला.

"मालिया." मग मोठ्याने, "मालिया, ऐक. आई रागावलेली नाही. एक गेली तर जाऊ दे. एका चपलेने ये. अनवाणी ये. कशीही ये, पण घरी चल, बाळा. भात गरम आहे."

ओरडली, पण त्या खोलीत आवाज घुमला नाही. मघाशी सांगितलं ना, ओरडलेलं तिथे घुमत नाही. उत्तरही आलं नाही. फक्त ठोके थांबले होते.

सावेतने तिला उचलूनच गाडीत बसवलं. विहारात शेवटच्या यादीत तिने स्वतः नाव सांगितलं. आचार म्हणाले, "काल कसं राहिलं?" तिने नुसतं नाव पुन्हा सांगितलं. गावची ती म्हातारी सावेतकडे अशी बघत होती की त्याने खांबाआड तोंड लपवलं. बस सुटायच्या वेळी कुंथिया पायरीवर चढली, चप्पल मुठीत होती, आणि वळून त्याला एवढंच म्हणाली, "दोन रात्री झोपले होते रे मी."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सावेतने त्यानंतर पाहुणे आणणं सोडलं. बाजारातला भाजीपाला वाहायचा. तीन वर्षांपूर्वी गेला. जायच्या आदल्या आठवड्यातही मला विचारत होता, "बोंग, मी बरोबर केलं का? तिचं सुख मी दिलं आणि मीच काढून घेतलं." मी दर वेळी सांगायचो की बरोबर केलंस. माझ्याकडे सांगण्यासारखं कारण होतं. पण त्याला ते पटायचं नाही. त्याला वाटायचं, मी त्याची समजूत काढतोय.

कारण त्याने ते बघितलं नव्हतं. तो बसपाशी होता. परत येईपर्यंत ऊन वर आलं आणि दगड तापून सगळं वाळून गेलं. मी एकट्यानेच बघितलं.

ती दोघं गेल्यावर मी कुलूप लावायला आत गेलो होतो. नुकतं फटफटत होतं. बॅटरीची गरज नव्हती. त्या भिंतीपासून दारापर्यंत आणि दारातून बाहेर, जिथे सावेतची गाडी उभी होती तिथपर्यंत, कोरड्या फरशीवर ओली पावलं होती. लहान मुलाची. राखाडी गाळाची. मी वाकून बघितली. सगळी बाहेर जाणारी, परत येणारं एकही नाही. आणि चप्पल तर आईच्या मुठीत होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती...

एक पाऊल अनवाणी होतं. पाच बोटं स्पष्ट.

दुसऱ्या पावलात चांदण्या उमटल्या होत्या.